विंडोज ११ केल्यापासून मराठी टायपिंग, जुने फॉन्ट आणि स्कॅनर बंद : मागे जावं की दुरुस्त करावं? (बडोदा)

दांडियाबाजार_डीटीपी
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका. पुष्कळदा एकाच कार्डावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला गुजराती कंकोतरी (लग्नपत्रिका). गेल्या शनिवारी भाच्याने मुख्य मशीनवर विंडोज १० चं ११ केलं. मशीन पळतंय मस्त, पण तेव्हापासून:

रोमन टाइप केलं की देवनागरी उमटवणारं आमचं जुनं साधन खालच्या पट्टीतून गायब आहे.

पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या) जुन्या फायली उघडतात, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्टचा संच डोंगलवाला (कॉम्प्युटरला परवान्याची चावी लावली तरच चालणारा) आहे आणि डोंगलचा दिवाच लागत नाही.

वर्डमधली मराठी-गुजराती पत्रकं वाचता येतात, पण ओळी सरकल्या आहेत. एका पानाचं पत्रक दोन पानांवर जातंय.

झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेलं थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये यायचं, ते येत नाही.

गणपतीचं काम डोक्यावर आहे. सरळ विंडोज १० वर परत जाऊ का?

मांजलपूरकर
ताई, जायचं असो वा नसो, आधी सेटिंग्ज > सिस्टम > रिकव्हरी इथे 'गो बॅक'चं बटण अजून दिसतंय का ते बघा. अपग्रेडनंतर ते १० दिवसच मिळतं. जागा मोकळी करायला म्हणून कोणी जुनं विंडोज जपून ठेवलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर उडवला, तर त्याआधीच हातचं जातं. मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती कमांड दहा दिवसांच्या आतच द्यावी लागते. भाच्याला 'डिस्म' हे त्या कमांडचं नाव एवढं सांगा, बाकी तो शोधेल. मागे गेलात तर तुमच्या फायली राहतात, अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम मात्र जातात.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका, कटकट संपेल.

दांडियाबाजार_डीटीपी
@पेंग्विनप्रेमी दादा, त्यावर पेजमेकर आणि डोंगल चालवून दाखवा, चहा-फाफडा माझ्याकडून.
@मांजलपूरकर बटण दिसतंय. मुदत वाढवून घेते.

निवांत_नाना
मुदत वाढवलीत ते उत्तम केलंत. आता मागे जाऊ नका, असं माझं मत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केली तरी घरगुती ग्राहकाला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे आज पळालात तरी हाच तमाशा पुन्हा, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर.

तुमची चारही दुखणी वेगवेगळी आहेत. ती एकत्र धरली की वाटतं सगळंच बिघडलं. दुखणं कुठलं ते ओळखायची सोपी खूण : बिघडलेला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे नीट देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) आहे, भानगड फक्त फॉन्टची. तिथेही इंग्रजी खिचडीच दिसली तर तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट. त्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, त्यांना देवनागरीचा आकार फक्त फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. मजकूर शाबूत आहे, घाबरू नका.

सरकलेल्या ओळींचं सगळ्यात सोपं. मंगल आणि गुजरातीचा श्रुती हे दोन्ही फॉन्ट विंडोज १० पासूनच मूळ संचातून काढून ऐच्छिक केलेत. ते नसले की निर्मला यूआय त्यांच्या जागी बसतो. अक्षरं दिसतात, पण रुंदी आणि ओळींमधलं अंतर बदलतं, म्हणून पान सांडतं. सेटिंग्ज > सिस्टम > ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी आणि गुजराती असे दोन्ही 'सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. इंटरनेट लागेल. मशीन एकदा बंद-चालू करा, पत्रक परत एका पानावर येईल.

टायपिंगचं साधन शोधत बसू नका. गूगलचं विंडोजवर बसणारं जुनं इनपुट टूल केव्हाच बंद झालंय. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून त्याची प्रत उतरवणं म्हणजे घरात चोर घेणं. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक (रोमन टाइप करून देवनागरी उमटवणारा) कीबोर्ड आहे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून. टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' घ्या, गुजरातीचंही तसंच. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. हाताला वळण लागायला थोडे दिवस जातील, शिव्या घालाल, मग विसराल.

जमलं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी, शिका. मराठीसाठी तोच चोख. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, मग हलन्त, मग य : 'तुताऱ्या' बिनबोभाट. शिवाय त्यात मराठी शिकलात की गुजराती फुकट, कारण क ची कळ दोन्हीकडे एकच. बडोद्यात राहून हा फायदा सोडायचा म्हणजे काय!

डोंगल आणि स्कॅनरचं रात्री लिहितो. दुकानात गिऱ्हाईक आलंय.

सयाजीगंज_एक्सप्रेस
डोंगलसाठी विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा. दिवा लागतो. काम फत्ते.

निवांत_नाना
@सयाजीगंज, दिवा लागेल हे खरं, पण कुलूप मोडून दार उघडण्यातली गोष्ट आहे. ती सोय जुन्या, धोकादायक ड्रायव्हरना (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना) विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही. ती बंदच असेल आणि तरी दिवा लागत नसेल, तर कारण वेगळं.

ताई, कोअर आयसोलेशनच्या त्या पानावर न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी दिसते. तीत तुमच्या डोंगलचं नाव आहे का बघा. असलं तर डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवा, जुना आधी काढा, मग डोंगल बाहेर ठेवून नवा बसवा आणि शेवटी डोंगल लावा. हा क्रम उलटला की पुन्हा पहिल्यापासून. डोंगल कुणाचं ते फॉन्टवाल्याला फोन करून विचारा, बहुतेकदा फॉन्टवाला वेगळा आणि डोंगलवाला वेगळा असतो. आणि नवा ड्रायव्हर निघालाच नसेल, तर जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून फक्त जुन्या फायलींसाठी ठेवा.

तोवर हातातलं काम निघायला हवं. 'विंडोज डॉट ओल्ड'मधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात तुमच्या संचाच्या फायली सापडतात का बघा. सापडल्या तर त्यावर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमना तो पुष्कळदा दिसतच नाही. काही संच फॉन्ट कायमचे बसवत नाहीत, आपला प्रोग्रॅम सुरू असेपर्यंतच चढवतात. तसं असेल तर ही युक्ती लागू पडायची नाही.

आता झेरॉक्स. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती प्रो असेल, तर नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक फाइलवर ती (डिजिटल) सही मागते, आणि पासवर्डशिवायचा पाहुणा दारातूनच परत पाठवते. जुनी मशीन्स नेमकी पाहुणे म्हणूनच येत असतात. तर कॉम्प्युटरवर 'स्कॅन' नावाचं साधं खातं काढा, पासवर्ड द्या, त्या फोल्डरवर त्याला लिहायची परवानगी द्या, आणि मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये तेच नाव-पासवर्ड भरा. नेटवर्क 'पब्लिक'वर गेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा. एवढ्याने आलं तर ठीक. नाही आलं तर मशीन सही करू शकत नसेल. मग पेन ड्राइव्ह किंवा ईमेलवर स्कॅन घ्या.

कोणी सांगेल 'एसएमबी १ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करा'. ऐकू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फायली अडकवून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण जगभर पसरलं ते त्याच दारातून.

दांडियाबाजार_डीटीपी
नाना, दोन्ही सप्लिमेंटल फॉन्ट घेतले, पत्रक पुन्हा एका पानावर बसलं. फोनेटिकवर शिव्या घालणं चालू आहे :) 'स्कॅन' खातं काढल्यावर झेरॉक्सला फोल्डरही मिळाला. डोंगलचं नाव यादीत आहे, फॉन्टवाल्यांचा फोन उद्या लावते.

पण एक विचारते. हा डोंगल आज ना उद्या जाणारच. जुन्या सगळ्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या का? आणि बदलणारी साधनं भरवशाची असतात का?

इंदूरची_प्रूफवाली
मध्येच बोलते, हे माझं रोजचं दुखणं. सरसकट बदलू नका ताई. पत्रिका एकदा छापली की तिची कोणाला गरज? ज्या मजकुरात पुन्हा बदल होतात, म्हणजे मंडळाची नियमावली, सभासदांची यादी, आरतीसंग्रह, तेवढंच बदला. बाकीच्यांचं डोंगल चालू असेपर्यंत फॉन्ट आत गुंडाळून पीडीएफ करून ठेवा.

साधनं ठीकठाक आहेत, पण बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालायचाच. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये उलट. साधन क्रम फिरवतं, आणि जोडाक्षर आलं की तिथेच चुकतं. 'कार्तिक'चा रफार आणि 'स्थिती'ची पहिली वेलांटी आधी तपासा. मग ळ, ऱ्य, क्ष, आणि ॲ-ऑ चे चंद्र. माणसांची नावं मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. स्पेलचेकरला आडनावं कळत नाहीत, आणि मंडळाच्या यादीत आडनाव चुकलं तर अध्यक्षांचा फोन ठरलेला.

दांडियाबाजार_डीटीपी
आरतीसंग्रहापासून सुरुवात करते. गुजरातीलाही हेच साधन चालेल ना?

इंदूरची_प्रूफवाली
नाही हो. मराठीच्या फॉन्टचं साधन गुजरातीला लावलं तर काहीतरी भलतंच उमटेल. गुजरातीच्या जुन्या फॉन्टमध्येही प्रत्येकाचे क्रमांक वेगळे, एलएमजी अरुणचं साधन टेराफॉन्ट वरुणला चालत नाही. आधी फाइलीत फॉन्टचं नेमकं नाव कोणतं ते पाहा, त्याच नावाचं साधन शोधा, आणि पहिल्यांदा एकच पान बदलून बघा.

मांजलपूरकर
आणि बदलायच्या आधी मूळ फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका ताई. भाच्याच्या लॅपटॉपवर नको.