मदत हवी आहे: खोकल्यातून रक्त, टीबी नाही, मग काय?

विचारतेय_ताई: भावाला तीन आठवडे खोकला, थुंकीत रक्त. थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही. हिमोग्लोबिन ११ वरून ८. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे डाग. अँटिबायोटिकने काही फरक नाही. आज एका डॉक्टरांनी 'गुडपाश्चर' असा शब्द काढला. लक्षणं काय असतात? लवकर सांगा, काही सुचत नाहीये.

पाऊलखूण: वय? ताप? वजन?

जुनाखोकला: दोन तपासण्यांवर विसंबू नका. माझा टीबी तिसऱ्या वेळी सापडला. औषधं सुरू करा.

रात्रपाळी_डायलिसिस: टीबी ठरल्याशिवाय औषधं सुरू करा म्हणू नका! ताई, लघवीचं काय? रंग, फेस, पायांवर सूज, बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी)?

विचारतेय_ताई: वय २६. ताप नाही. अहो, त्रास छातीचा आहे, लघवीचं कशाला?

रात्रपाळी_डायलिसिस: कारण गुडपाश्चरमध्ये शरीर स्वतःच्याच कोलॅजनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. ते कोलॅजन फुफ्फुसाच्या वायुकोशांच्या आणि मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्यात असतं. थुंकीत रक्त थोडं दिसलं तरी आत जास्त वाहत असू शकतं, हिमोग्लोबिन त्यानेही घसरतं. सिगारेट ओढतो का? ओढणाऱ्यांत फुफ्फुसातला रक्तस्राव जास्त दिसतो.



वाचनवेडा: अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१९ मध्ये, फ्लूच्या साथीत, १८ वर्षांच्या मुलाची केस लिहिली होती. त्यावरून नाव पडलं.

पाऊलखूण: ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि व्हॅस्क्युलायटिसमध्येही (रक्तवाहिन्यांचा दाह) हेच दिसतं. एकाच नावामागे लागू नका, एएनसीए ही व्हॅस्क्युलायटिसची रक्ततपासणीसुद्धा करा.

विचारतेय_ताई: त्याला आत्ता विचारलं. आठ दिवस लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. पाणी कमी पितो म्हणून असेल असं वाटलं त्याला, बोललाच नाही. सिगारेट ओढतो. क्रिएटिनिन दहा दिवसांपूर्वी १.१ होतं.

रात्रपाळी_डायलिसिस: दहा दिवस खूप झाले. आजच मूत्रपिंड तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. क्रिएटिनिन, लघवी, अँटी-जीबीएम (गुडपाश्चरच्या अँटिबॉडीची तपासणी), एएनसीए. एकदा डायलिसिस लागलं की मूत्रपिंड परत सावरणं फार कठीण.

विचारतेय_ताई: दाखल केलंय. क्रिएटिनिन ३.८. अँटिबॉडीसाठी रक्त पाठवलंय. रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवतात का?

रात्रपाळी_डायलिसिस: संशय दाट असला तर सहसा थांबत नाहीत. प्लाझ्मा बदलणं (रक्तातल्या त्या अँटिबॉडी काढायला), स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध): कधी सुरू करणार, आत्ताच विचारा. मी रात्रभर जागी आहे, इथे लिहा.