'समलिंगी', 'समलैंगिक' आणि 'होमोफोबिया' : वर्गात कोणते शब्द वापरावेत?

राज्यशास्त्राचे अध्यापक, यवतमाळ जिल्हा

तालुक्याच्या गावातील आमच्या महाविद्यालयात बी.ए. द्वितीय वर्षाला मूलभूत हक्कांचे प्रकरण शिकवीत असताना प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाचा विषय निघाला आणि तासिका बघता बघता हमरीतुमरीवर आली. कापूसवेचणीच्या दिवसांत एरवी अर्धी बाके रिकामी असतात. त्या दिवशी मात्र व्हरांड्यातून जाणारी मुलेही दारात येऊन थांबली. एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, हे बिमारी हाय. शयरात असतीन असे पोट्टे, आपल्याकडे नसतेत." मागच्या बाकावरील मुलीने लगेच विचारले, "नसतेत, का तुमी सांगू देत नाई?" वर्गात हशा पिकला आणि त्या हशातच कोणीतरी खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलाकडे मान वळवून 'छक्का' हा शब्द उच्चारला. तो मुलगा वहीत डोके घालून समासाची रेघ पुन्हा पुन्हा गिरवीत राहिला.

मी चर्चा थांबवली नाही, तो शब्द मात्र तेथेच थांबवला. ज्याने तो उच्चारला त्याला उभे करून एवढेच विचारले की, हा शब्द वर्गात मांडल्या गेलेल्या कोणत्या मुद्द्याचे उत्तर आहे. त्याच्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मंग काय म्हनाव, सर?" या प्रश्नात खोच नव्हती, त्याला खरोखरच शब्द हवा होता, म्हणून तो येथे मांडतो. वर्तमानपत्रांत 'समलिंगी' आणि 'समलैंगिक' हे दोन्ही शब्द सरमिसळ येतात. काही लेखक 'समलिंगकामी' लिहितात. यांपैकी कोणता शब्द कोठे योग्य? आणि त्या दिवशी वर्गात जे घडले, ज्याला इंग्रजीच्या वळणाने 'होमोफोबिया' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? 'भयगंड' जोडून केलेला शब्द मला त्या प्रसंगाला लागू पडत नाही असे वाटते, कारण तेथे घाबरलेला मुलगा एकच होता आणि तो खिडकीजवळ बसला होता.

निवृत्त मराठी प्राध्यापक, अमरावती

व्याकरणाचा भाग सोपा आहे. 'लिंग' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागून आद्य स्वराची वृद्धी होते आणि 'लैंगिक' हे विशेषण तयार होते. ते संबंध, आकर्षण, वर्तन यांना लागते. म्हणून 'समलैंगिक संबंध' आणि 'समलैंगिकता' हे प्रयोग निर्दोष आहेत. व्यक्तीविषयी बोलताना 'समलिंगी व्यक्ती' हा प्रयोग रुळला आहे, तो तसाच ठेवावा. 'समलिंगकामी' हा शब्द अर्थाने सर्वांत नेमका आहे, कारण त्यात आकर्षणाचा उल्लेख आहे. पण बोलण्यात तो जड पडतो आणि 'कामी' या अंत्यपदाला संतवाङ्मयातील 'कामी-क्रोधी' या जोडीमुळे जो वास लागला आहे तो सहज जात नाही. वर्गात मी तो वापरणार नाही.

'लिंग' शब्द आला की मुले हसतात, अशी तक्रार अध्यापक नेहमी करतात. प्राथमिक शाळेपासून हीच मुले पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग न हसता पाठ करीत आलेली असतात, हे त्यांना आठवून द्यावे. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ खूण किंवा चिन्ह असा आहे. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग मानले जाते. हे सांगितल्यावर हसू पुष्कळ ओसरते, असा माझा अनुभव आहे.

व्यक्तीला ओढ कोणाविषयी वाटते यासाठी 'लैंगिक कल' हा शब्द मला सर्वांत पसंत आहे. 'लैंगिक आवड' किंवा 'लैंगिक पसंती' हे शब्द मात्र टाळावेत, कारण त्यांतून ही निवड केल्यासारखी वाटते आणि निवड म्हटली की ती बदलण्याचा आग्रह ओघानेच येतो. आपल्या राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेतली जात असे. ती चाचणी विद्यार्थ्याचा कल शोधत असे, ठरवीत नसे. आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण चटकन कळेल.

आता दुसरा प्रश्न. 'होमोफोबिया' हा शब्द अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात घडवला आणि १९७२ मधील त्यांच्या पुस्तकामुळे तो सर्वत्र पसरला. समलिंगी व्यक्तींच्या सहवासाने अस्वस्थ होणाऱ्यांच्या मनोवस्थेचे वर्णन त्यांना करायचे होते, त्यामुळे 'भय' या अंगाला तेथे आधार होता. पुढे शब्दाचा अर्थ पसरत गेला आणि तिरस्कार, भेदभाव, मारहाण हे सारे त्यात सामावले. या पसरलेल्या अर्थासाठी आपल्याकडे साधन तयार आहे: जातिद्वेष, स्त्रीद्वेष, परधर्मद्वेष या मालिकेत 'समलिंगीद्वेष' सहज बसतो आणि ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. उंचीचे भय असलेला माणूस कड्यापासून दूर राहतो. येथे तर माणूस मुद्दाम मान वळवून दुसऱ्याला डिवचतो, त्याला भय म्हणणे म्हणजे त्या कृत्याला आजारपणाची सवलत देणे आहे.

तथापि आपल्या वर्गात घडले त्याला मी 'द्वेष' हाही शब्द लगेच वापरणार नाही. मराठीत या भावनेच्या पायऱ्या आहेत: संकोच, किळस, टिंगल, हेटाळणी, तुच्छता आणि मग द्वेष. त्या मुलाने जे केले ती हेटाळणी होती. 'तू हेटाळणी केलीस' असे म्हटले तर ते त्याला नाकारता येत नाही आणि त्याच्या हातून घडलेल्या कृतीपुरतेच ते राहते. 'तू द्वेष्टा आहेस' असे म्हटले तर तो स्वतःच्या बचावाला उभा राहील आणि खिडकीजवळचा मुलगा पुन्हा बाजूला पडेल.

वकील, पुसद

प्राध्यापकांच्या पायऱ्या मला मान्य आहेत, परंतु हेटाळणीला कायद्यात वजन नाही असा समज होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली दुरुस्ती होऊन, लैंगिक कलावरून किंवा लिंगओळखीवरून विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक अथवा मानसिक त्रास हाही रॅगिंगमध्ये मोडतो असे स्पष्ट करण्यात आले. महाविद्यालयाच्या दर्शनी भागात रॅगिंगविरोधी फलक बहुतेक ठिकाणी असतो, त्यावर ही ओळ मात्र मला क्वचितच दिसली आहे.

माझा मुख्य मुद्दा 'अनैसर्गिक' या शब्दाविषयी आहे, कारण अशा वादात तो हटकून येतो आणि पुष्कळांना तो आपल्या परंपरेतला वाटतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ चा मथळाच 'अनैसर्गिक अपराध' असा होता आणि 'निसर्गक्रमाविरुद्ध' ही त्यातील शब्दरचना इंग्रज राज्यकर्त्यांच्या कायद्यातून आली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम निष्प्रभ केले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो प्रश्न निकाली काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलम उरलेलेच नाही. तेव्हा 'बेकायदेशीर' हा शब्द आज चुकीचा आहे.

त्याच वेळी 'कायद्याने मान्यता दिली' हा उत्साही प्रयोगही सांभाळून करावा. गुन्हा नसणे वेगळे आणि विवाहाचा हक्क मिळणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आहे. बातम्यांचे मथळे हा फरक पुसून टाकतात आणि मग वर्गात दोन्ही बाजूंचे विद्यार्थी अर्धवट माहितीवर भांडतात.

आणखी एक गल्लत त्या 'छक्का' शब्दातच आहे. उच्चारणाऱ्याला बहुधा 'समलिंगी' म्हणायचे होते, वापरला मात्र तृतीयपंथी व्यक्तींना हिणवणारा शब्द. स्वतःची लिंगओळख काय आहे हा एक प्रश्न आणि ओढ कोणाविषयी वाटते हा दुसरा. तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा 'नालसा' निर्णय आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा कायदा पहिल्या प्रश्नाशी संबंधित आहेत, २०१८ चा निर्णय मुख्यतः दुसऱ्याशी. 'नपुंसक' हा तर तिसराच, वैद्यकीय अर्थाने वापरला जाणारा शब्द आहे. गावात या तिन्हींची एकच मोळी बांधलेली असते.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, अमरावती जिल्हा

'बिमारी' या शब्दापुरते लिहितो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आजार नाही तेथे 'उपचार' हा शब्दही वापरता येत नाही. कल बदलून देण्याचा दावा करणारे तथाकथित उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे. बाह्यरुग्ण विभागात आईवडील मुलाला घेऊन येतात तेव्हा 'समलिंगी' हा शब्द कोणाच्याच तोंडी नसतो. "याचं मन लागत नाई", "बाहेरचं काई असन" असे सांगितले जाते आणि सोबतच्या काकांचा तोडगा ठरलेला असतो: "लगन करून द्या, सुधरते." या शेवटच्या वाक्याने आणखी एका मुलीचे आयुष्य त्यात ओढले जाते, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगतो.

वाचक, मूळ गाव वाशिम जिल्ह्यात, सध्या नागपूर

आतापर्यंतची सर्व चर्चा मुलांविषयी झाली, हे लक्षात आणून द्यावेसे वाटते. वऱ्हाडीत मुलांना हिणवायला शब्दांची रेलचेल आहे; मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीसाठी माझ्या गावात शिवीसुद्धा नव्हती. 'त्या दोघी लई जोडीच्या मैत्रिणी' एवढ्यावर सगळे मिटत असे आणि एकीचे लग्न ठरले की प्रश्नच संपत असे. शिवी नसणे हे सुख वाटेल, पण ज्या गोष्टीला शिवीही नाही ती आहे असे कोणी धरतच नाही. म्हणून 'लेस्बियन' आणि 'गे' हे शब्द देवनागरीत जसेच्या तसे घेण्यास माझा पाठिंबा आहे. अनेक व्यक्ती स्वतःला याच शब्दांनी ओळखतात, आणि स्वतःसाठी कोणी निवडलेला शब्द इतरांनी शुद्धिपत्रक लावून बदलू नये. ओव्यांमधून 'गे' हे स्त्रीचे संबोधन येते, तेथे हल्ली वर्ग हसतो, हे खरे आहे. शिक्षकांनी दोन मिनिटे थांबून पुढे जावे.

'भय' हा शब्द मात्र मी पूर्णपणे टाकून देणार नाही. "आपल्याकडे नसतेत" हे इतक्या जोरात सांगणाऱ्या मुलांमध्ये, आपण गप्प बसलो तर लोक आपल्यालाच तसे समजतील, ही धास्ती बरीच असते. बाकीच्यांच्या आधी हसून घेणे हा त्यावरचा त्यांचा उपाय असतो. त्यामुळे कृतीला 'हेटाळणी' म्हणावे, प्रवृत्तीला 'समलिंगीद्वेष' म्हणावे आणि मुलाशी एकट्याने बोलताना भयाचा विषय काढावा.

निवृत्त मराठी प्राध्यापक, अमरावती

ही दुरुस्ती मी स्वीकारतो. शासकीय पातळीवरही शब्दांचे हे काम होऊ शकते: मद्रास उच्च न्यायालयापुढील एका प्रकरणातून तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये अशा संज्ञांची तमिळ सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. आपल्या भाषा संचालनालयाने हाती घेण्यासारखे हे काम आहे, पण सूची करताना ज्यांच्यासाठी हे शब्द आहेत त्यांना बैठकीला बोलावले पाहिजे. पुण्याच्या 'समपथिक' संस्थेचे नावच पाहा. 'लिंग' शब्दाच्या वाटेला न जाता सोबत चालण्याचा अर्थ त्यात आणला आहे.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळेपणी उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. 'आपल्याकडे असले विषय नसतात' असे म्हणणाऱ्याने निदान नव्वद वर्षे मागे जाऊन पाहावे.

राज्यशास्त्राचे अध्यापक, यवतमाळ जिल्हा

सर्वांचा आभारी आहे. पुढच्या तासाला मी फळ्यावर 'समलिंगी व्यक्ती', 'समलैंगिक संबंध', 'लैंगिक कल' आणि 'हेटाळणी' हे चार शब्द लिहिले आणि 'अनैसर्गिक' हा शब्द कोठून आला ते कलम ३७७ च्या इतिहासासह सांगितले. "इंग्रजायनं आणलं व्हय हे?" असे सर्वांत आधी त्या 'बिमारी'वाल्या विद्यार्थ्यानेच विचारले. त्याला सगळे पटले असे मी म्हणणार नाही. विवाहाच्या प्रश्नावर तो अजून तावातावाने भांडतो, आणि ते त्याने खुशाल भांडावे. महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेसाठी 'समलैंगिकता : शाप की वरदान?' असा विषय सुचवला गेला होता. खिडकीजवळच्या मुलाने ज्या सूचनाफलकावर रोज आपला आसनक्रमांक पाहायचा, त्याच फलकावर त्याला आपण शाप आहोत की वरदान हेही वाचावे लागले असते. तो विषय बदलून '२०१८ चा निर्णय आणि घटनात्मक नैतिकता' असा करून घेतला आहे.

एकच शंका उरली. 'बायल्या' या शब्दाला कोणता सौम्य पर्याय द्यावा?

निवृत्त मराठी प्राध्यापक, अमरावती

काहीही देऊ नये. 'बाईल' म्हणजे स्त्री, पत्नी. तिच्यासारखे असणे हा पुरुषाचा दोष आहे असे गृहीत धरून हा शब्द बनला आहे आणि सौम्य पर्यायातही ते गृहीतक तसेच राहील. शिवाय मुलाच्या चालण्याबोलण्यावरून त्याचा लैंगिक कल कळत नाही. त्याचा आवाज बारीक असेल तर 'त्याचा आवाज बारीक आहे' असे म्हणावे, आणि तेही सांगण्याचे काही कारण असेल तरच.