एडमंटनहून युकॉन: सासू-सासरे, दोन मुलं आणि एक गाडी

गोगलगाय:
मंडळी, ऑगस्टच्या उत्तरार्धात गाडीने कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं, शिवाय साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. आईंचे गुडघे कुरकुरतात. बाबांना मात्र आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुववृत्ताच्या) पाटीखाली फोटो हवाच आहे. नवऱ्याने त्यात अलास्काही कोंबलाय. हाताशी अडीच आठवडे, गाडी घरचीच सात सीटर. झेपेल का हे सगळं?

उत्तरवाट:
आधी अलास्का काढून टाका. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा नसेल तर वादच संपला. असला तरी युकॉनमधल्या क्लुएन तळ्याच्या पुढे अलास्का सीमेजवळच्या बीव्हर क्रीकपर्यंत खालच्या पर्माफ्रॉस्टमुळे (कायम गोठलेल्या जमिनीमुळे) रस्ता जागोजागी फुगलेला आणि खचलेला असतो. चालवणाऱ्याला गंमत वाटते, तिसऱ्या रांगेत बसलेल्याचं मात्र कंबरडं मोडतं.

एडमंटन ते युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स साधारण २,००० किमी. नवरा म्हणेल दोन दिवसांत मारतो. मारू देऊ नका. आई-बाबा बरोबर आहेत, चार दिवस धरा. डॉसन क्रीकला अलास्का हायवेचा शून्य मैल लागतो (हे ब्रिटिश कोलंबियातलं; युकॉनमधलं डॉसन सिटी वेगळं, हॉटेल बुक करताना घोळ नको). १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने युद्धासाठी घाईघाईत काढलेला हा रस्ता आता पक्का आहे. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक पाचशेच्या वर किलोमीटर आहेत आणि मधले पंप मोजकेच. टाकी अर्धी झाली की भरायची, भाव बघायचा नाही.

त्याच टप्प्यात लियार्डचे गरम पाण्याचे झरे आहेत. आईंसाठी तिथे अख्खी दुपार ठेवा. गाडीतळापासून कुंडापर्यंत लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, खाली कोमट दलदल. पाण्यातच बसायला बाक आहेत. उगमाच्या बाजूला पाणी चटका देतं, तिथून जसजसं लांब सराल तसतसं सोसवतं. मुलांना लांबच्या टोकाला ठेवा. या भागात रानगवे, म्हणजे बायसन, रस्त्याच्या कडेला कळपाने चरतात. ऑगस्टअखेर रात्री चांगला अंधार पडतो आणि हे काळे प्राणी हेडलाइटमध्येही उशिरा दिसतात. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका.

वॉटसन लेकला गावोगावच्या पाट्यांचं जंगल आहे. १९४२ मध्ये एका सैनिकाने घरच्या आठवणीने पहिली पाटी ठोकली, आता हजारोंनी आहेत. बाबांना साताऱ्याची पाटी रंगवायला बसवा. हातोडी-खिळे घरून न्या.

आता सर्कल. व्हाइटहॉर्सहून डॉसन सिटी ५३० किमी. डॉसनच्या अलीकडे ४० किमीवर डेम्पस्टर हायवे फुटतो, तो खडीचा. सर्कल त्याच्या ४०५व्या किलोमीटरला आणि परत यायला तोच रस्ता. माझं प्रामाणिक मत: ७१व्या किलोमीटरच्या टूमस्टोन पार्कपर्यंत जा, दोन रात्री राहा. त्या दिवसांत टुंड्रा (झाडं नसलेला खुरट्या झुडपांचा प्रदेश) लालभडक होते, डास ओसरलेले असतात आणि आभाळ निरभ्र असेल तर ऑरोराही (रात्रीच्या आभाळातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) दिसू शकतो. सर्कलला पाटी आहे आणि वारा आहे.

खडीवाला:
उत्तरवाट, तुमचं पटलं नाही. सातारकर माणूस इतक्या लांब येऊन ३३० किमी अलीकडून माघारी फिरणार? ३६९ किमीला ईगल प्लेन्सचं हॉटेल आहे, पंपही आहे. तिथे आधीच खोली बुक करा. सकाळी सर्कल, पुन्हा तिथेच मुक्काम, तिसऱ्या दिवशी खाली. पूर्ण मापाचं स्पेअर टायर हवंच, जमलं तर दोन. हा रस्ता पर्माफ्रॉस्ट वितळू नये म्हणून खडीच्या जाड भरावावर उचललाय आणि त्यातले दगड सुरीसारखे धारदार असतात. ट्रक समोरून आला की वेग कमी करून कडेला व्हा, नाहीतर काच गेलीच. धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात, पावसात त्याचा असा राडा होतो की नंबरप्लेटही दिसत नाही. डॉसनला परतल्यावर गाडी खालूनही धुवा, वाळला की खरवडावा लागतो.

डब्बेवाली:
तुम्ही दोघंही वडीलधाऱ्यांना विसरलात. आई-बाबांचा प्रवास विमा नीट वाचा, हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात बसतो का ते बघा. वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि डॉसनला हॉस्पिटल आहे. मधल्या पट्ट्यात मोबाइलही लागत नाही, त्यामुळे सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र घ्या. गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. आणि खाण्याचा डबा, टूथपेस्टसुद्धा, रात्री तंबूत नको, गाडीत बंद. अस्वलांना लसणाच्या चटणीचं वावडं नाही.

गोगलगाय:
अलास्का रद्द. नवरा रुसलाय, होईल ठीक. टूमस्टोनला दोन रात्री नक्की; तिथे पाऊस नसेल आणि आईंची कंबर बरी असेल तरच पुढे ईगल प्लेन्स. खडीवाला, बुकिंग आत्ताच करून ठेवू ना?

खडीवाला:
आजच करा. रद्द करायची शेवटची तारीख विचारून घ्या.