मदत हवी आहे: हाती गोधडी शिवतेय, पण दर वेळी उचलून ठेवली की थर सरकतात

नमस्कार मंडळी,

हाताने गोधडी शिवणाऱ्या, किंवा घरात कुणाला शिवताना जवळून बघितलेल्या सगळ्यांची मदत हवी आहे. आधीच एक सांगते, "वेळ काढ", "मुलं जरा मोठी होऊ देत मग कर" असे सल्ले प्लीज नकोत. वेळ आहे, पण तुकड्यातुकड्यांत आहे, आणि मला अशी पद्धत पाहिजे की काम कितीही वेळा मधेच उचलून ठेवायला लागलं तरी बिघडणार नाही.

घर डोंबिवलीत, वन बीएचके. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा चौथीत आणि धाकटी अडीच वर्षांची. हॉलमध्ये सासऱ्यांची कॉट, टीव्ही, आणि मधे जी फरशी उरते तीच काय ती मोकळी जागा, गोधडी पसरायची तर तिथेच. सकाळी पाणी आणि डबे आटपून जरा पसरलं की मावशी फरशी पुसायला येतात, उचला. मुलगा शाळेतून आला की सगळे तिथेच खाली जेवायला बसतो, परत उचला. दुपारी धाकटी झोपली की थोडं सलग मिळतं पण तेवढ्यात बेल वाजते, कुरियर असतं नाहीतर सासूबाईंच्या भजनाच्या मैत्रिणी, आणि आवाजाने ती उठली की पहिली येऊन गोधडीवरच बसते, सुईची भीती वाटते म्हणून मी परत गुंडाळून ठेवते. ह्यात कुणाचाच दोष नाही, माणसं आहेत तर हे असणारच. मला त्यात बसणारं काम करायचंय, बस.

ह्याआधी बाकीचंही करून बघितलंय. क्रोशे आवडलं होतं पण त्यात टाके मोजायचे असतात आणि मोजता मोजता हाक आली की आकडा गेला. क्विलिंगच्या पट्ट्या पंख्याखाली उडतात आणि इथल्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं शक्य नाही. कापडावर वारली काढत होते, ते खरंच छान जमायला लागलं होतं, पण अक्रिलिक रंग प्लेटमध्ये काढून उठायला लागलं की परत येईपर्यंत सुकलेला असतो. गोधडी मला म्हणून पटली की धावदोऱ्यात (सुई आत-बाहेर करत पुढे जाणाऱ्या साध्या टाक्यात) मोजायचं काही नाही, सुकायचं काही नाही, सुई जिथे थांबली तिथून पुढे सुरू.

आणि दुसरं, खरं कारण म्हणजे माझ्या आजीची लुगडी. आजी गडहिंग्लजकडची, आयुष्यभर इरकली नेसली. ती गेल्यावर मामीने तिची नऊवारी लुगडी मला दिली, धुऊन धुऊन इतकी मऊ झालीत की हात लावला तरी बरं वाटतं. पेटीत ठेवून ती नुसती विरून जाणार. धाकटीने ती अंगावर घ्यावीत एवढीच माझी इच्छा आहे, म्हणून मला हे मशीनवर टाकायचं नाही आणि कुणाला पैसे देऊन शिवूनही घ्यायचं नाही.

आता अडचण. खाली एक सहावारी सुती साडी, मधे दोन जुन्या साड्या, वरती लुगडं असे चार थर घेतलेत. टाचण्या लावल्या आणि आजी करायची तसं कडेने सुरू केलं, चारी बाजूंनी फिरत फिरत आत. कडेच्या ओळी सुरेख आल्या. पण घडी घालून ठेवलं आणि परत उघडलं की मधले थर हललेले असतात, खालच्या साडीला चुण्या पडतात, आणि जसजशी आत जातेय तसतसा वरच्या लुगड्याचा फुगा मधे मधे गोळा होतोय. टाचण्या गळून पडतात, त्या शोधण्यात आणखी वेळ, आणि घरात लहान मूल. आजीला मी कधीच असं झालेलं बघितलं नाही, तिची वाकळ (गोधडीला ती वाकळच म्हणायची) मधोमध सुद्धा सपाट असायची, आणि तिने तर टाचण्या वापरल्याचंही आठवत नाही. ती नेमकं काय करत होती? आणि दिवसातून इतक्या वेळा उचलायची असेल तर थर जागेवर कसे ठेवायचे? कडेने न शिवता मधून सुरू करू का? लुगड्याचे काठ जिथे एकावर एक आलेत तिथे सुई जातच नाही, बोटं सुजली, त्याचंही काही सुचवा.

---

मेथांबा:

अगं, तुझी आजी गोधडीवर बसायची. तेच तिचं वजन. माझी आई पण सोप्यात पसरून तिच्यावरच मांडी घालून शिवायची, पुढे शिवायचं आणि शिवलेल्यावर सरकत जायचं, त्यामुळे थर दाबलेले राहायचे. शेजारच्या दोघी-तिघी येऊन एकेका बाजूला बसल्या की चारी बाजूंनी एकदम ताण. आणि मुख्य म्हणजे दुपारभर ती तिथेच पसरलेली असायची, संध्याकाळी एकदा उचलायची. कडेने आत जायची पद्धत अशा घरासाठी आहे. तुझ्या घरात ती तशीच्या तशी चालणार नाही, कारण कडा आधी पक्क्या झाल्या की सैल कापडाला बाहेर जायला वाटच राहत नाही, ते मधेच जमणार.

तू आधी कच्चे टाके घाल, म्हणजे शेवटी उसवून टाकायचे तात्पुरते टाके. हे एक काम मात्र एका बैठकीत व्हायला पाहिजे आणि दोन माणसं लागतील. रविवारी सगळ्यांना बाहेर पाठव, नवऱ्याला थांबव. सगळ्यात खालची साडी उलटी पसरून चारी कडांना फरशीला मास्किंग टेप लाव, ताठ पाहिजे पण ताणलेली नको. मग एकेक थर वरून हाताने मधून बाहेर सारखा करत टाक. मग मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने लांब लांब टाके, दोन-अडीच इंचाचे चालतील, वीतभर अंतरावर आडव्या ओळी आणि तशाच उभ्या. दोरा वेगळ्या रंगाचा घे म्हणजे शेवटी उसवताना दिसतो. एवढं झालं की फरशीची गरज संपली. गुंडाळी कर, कॉटवर बस, मांडीवर घे, कुठेही शीव, दिवसातून कितीही वेळा उचल. पक्का धावदोरा सुद्धा मधूनच सुरू कर.

---

निळीशाई:

मेथांबाकाकूंना अनुमोदन. फक्त कच्च्या टाक्यांना वेळ नसेल तर सेफ्टीपिना लावा, टाचण्या अजिबात नकोत. एका मुठीएवढं अंतर ठेवून सगळीकडे पिना. त्या बंद होतात म्हणून घडी घातली तरी गळत नाहीत आणि लहान मुलाच्या दृष्टीने पण बऱ्या. आमच्याकडे पण छोटं आहे, मी एक नियम पाळते, उठताना सुई नेहमी एकाच कोपऱ्यात खोचायची, तिथे मी लाल कापडाचा तुकडाच शिवून ठेवलाय. आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक डब्यात ठेवलंय, पसारा आवरला की फरशीवरून एकदा फिरवते.

काठांचं म्हणाल तर चारही साड्यांचे काठ एकाच रेषेत येऊ देऊ नका, थर टाकताना प्रत्येक साडी चार बोटं सरकवून टाका. मधल्या साड्यांचे काठ तर सरळ कापूनच काढा, आत कुणाला दिसतात. ते कडेच्या पट्टीला उपयोगी पडतात.

---

कोकणकडा:

मी वेगळं सुचवतो. एवढं मोठं धूड शिवायचंच कशाला, चौकोन करा. १८ इंचाचे बारा चौकोन, तीन गुणिले चार लावले की ५४ बाय ७२ इंचाची गोधडी होते. कापताना १९ इंच कापायचे, अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो. प्रत्येक चौकोन स्वतंत्र शिवून पूर्ण करायचा, कडेला इंचभर मोकळं ठेवायचं, आणि शेवटी पुढची कापडं एकमेकांना जोडून मागची हाताने दुमडून टाके घालायचे. एक चौकोन पिशवीत मावतो, लोकलमध्ये पण शिवता येतो. माझ्या बायकोने पूर्ण गोधडी ठाणे-सीएसएमटी प्रवासात अशीच केली, आणि आमच्या घरात ती रोजच्या वापरात आहे.

---

मोरपीस (धागाकर्ती):

सगळ्यांना किती थँक्यू म्हणू. मेथांबाकाकू, आजी वाकळेवर बसायची हे तुम्ही लिहिलंत आणि एकदम डोळ्यासमोर आलं, मी रोज बघत होते पण ती शिवण्याची पद्धत आहे हे कधी कळलंच नव्हतं.

कोकणकडा, चौकोनांची कल्पना माझ्या घरासाठी अगदी योग्य आहे पण लुगडं कापायला माझा हात धजत नाही. बाकीच्या साड्यांचं करीन. लुगडं अख्खं ठेवून काही करता येईल का?

---

वेलबुट्टी:

येईल की. लुगडं वरचा थर म्हणून वापरूच नकोस, लुगड्याचीच गोधडी कर. नऊवारी साधारण आठ मीटर असते. ती लांबीत चार घड्यांची केली, एकदा इकडून एकदा तिकडून अशी, की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद चौपदरी गोधडी तयार, एक कात्री लावायची नाही. लहान मुलीला भरपूर होते, मोठ्या माणसाला सुद्धा एकट्याला पुरते. आणि घड्यांच्या जागी कापड सलग दुमडलेलं असल्यामुळे तिथे थर फारसे सरकत नाहीत, फक्त एका टोकाला पदराची आणि खालच्या घडीची कड मोकळी राहते, तुझी निम्मी अडचण तिथेच सुटली. कच्चे टाके मात्र हवेतच. पदर शेवटच्या घडीला वरती येईल असं बघ म्हणजे तो दिसत राहील, इरकलीचा पदरच तर बघण्यासारखा असतो. ह्यात लांब बाजूंना चारही घड्यांचे काठ एकावर एक येणार, तिथे पक्का धावदोरा नेऊच नकोस, काठाच्या आत थांब.

चार थर पुष्कळ झाले गं. तुमच्याकडे थंडी कितीशी, आणि पावसाळ्यात जाड गोधडी वाळता वाळत नाही, कुबट वास धरते.

शिवायच्या आधी एक कर, पांढरं फडकं ओलं करून पदरावर जोरात घासून बघ. लाल उतरला तर लुगडं वेगळं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घे. मिठाच्या पाण्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस, एकदा शिवल्यावर आतल्या थरांना रंग लागला तर काही करता येत नाही.

---

कारवार_मेल:

चौकोनही नकोत आणि पसरायलाही नको असं एक तिसरं आहे. आमच्याकडे उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-येल्लापूर भागात सिद्दी (आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांच्या पद्धतीची गोधडी. त्यात खाली एक साडी, आणि वरती जुन्या कपड्यांचे तुकडे. सगळे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, एक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, धावदोऱ्याने शिवायचा, मग शेजारी दुसरा, असं कडेने फिरत मधोमध पोचायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाच्या त्रिकोणांची फुलं लावतात. तुकडा ठेवला की लगेच शिवला जातो म्हणून आतले थर सरकण्याचा प्रश्न येत नाही, आणि हातात जेवढा भाग लागतो तेवढाच उघडायचा, बाकीचा गुंडाळलेला. मोरपीसताई, तुमच्या त्या सहावारी साड्यांसाठी आणि मुलांच्या लहान झालेल्या सुती कपड्यांसाठी हे करून बघा. तुकडे आधीच टीपॉयवर मांडून नक्षी ठरवायची नसते, हाताला येईल तो रंग, मला तीच त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

---

मोरपीस:

वेलबुट्टी, तुम्ही माझं काम केलंत. काल रात्री सगळे झोपल्यावर लुगडं बाकीच्या थरांपासून उसवून वेगळं केलं, ओलं फडकं घासून बघितलं, पदराचा लाल थोडा उतरतोय म्हणून आज ते एकटंच धुतलंय. वाळलं की रविवारी कच्चे टाके, नवऱ्याला सांगून ठेवलंय आणि सासूबाई म्हणाल्या मी पण एक बाजू धरते, त्यांनी लहानपणी त्यांच्या मावशीबरोबर शिवलीये म्हणे, हे मला आजच कळलं.

लुगड्याची गोधडी मी रात्री आणि दुपारी शिवेन आणि दिवसभराच्या तुकड्यातुकड्यांच्या वेळासाठी कवंदी सुरू करते, ती पिशवीत राहील. मुलाच्या जुन्या सुती शर्टांची बटणं तो स्वतः काढून देतोय.

दोन प्रश्न राहिले. दोरा सारखा पिळतो आणि गाठी बसतात, कुठला घ्यावा? आणि लुगड्याच्या गोधडीला कडेने पट्टी लावायची तर ती तिरकी कापावी लागते का?

---

मेथांबा:

जाड सुती दोरा घे, पॉलिस्टरचा नको, तो जुनं कापड कापतो. हातभरापेक्षा लांब ओवायचा नाही, आणि ओवल्यावर मेणावरून एकदा ओढून घे, पिळणार नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला की पुरे, त्याहून बारीकचा हट्ट नको. सुई आखूड आणि मजबूत घे, लांब सुई चार थरांत वाकते, आणि मधल्या बोटाला अंगुस्तान घाल म्हणजे बोटं सुजणार नाहीत.

पट्टी सरळच कापायची. तिरकी लागते ती गोल कडेला. आखूड बाजूंना तर पट्टीची गरजच नाही, फक्त पदराची आणि खालच्या घडीची मोकळी कड आत दुमडून शीव, पट्टी लांब दोन बाजूंनाच लाव, आणि मधल्या साड्यांचे जे काठ कापून काढशील तेच तिथे वापर.