विश्वासामुळे विरोध होतो तेव्हा नेमकं काय करावं? (अनुभव धागा)

जय ख्रिस्त. पाळक (चर्चचे धर्मसेवक), मंडळीतले म्हणजे चर्चच्या समुदायातले वडील (जबाबदार ज्येष्ठ), वकील, संडे स्कूलच्या शिक्षिका अशा जाणत्यांना या धाग्यावर आग्रहाने बोलावलं आहे. घरात, वाडीत, कामावर विरोध होतो तेव्हा प्रत्यक्ष काय करायचं ते लिहा. स्वतःची कहाणी नको, त्यातून हाती आलेली रीत हवी.

ग्रामीण मंडळीचे पाळक

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय मंडळीसोबत सावकाश वाचा. नहेम्या यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधत होता आणि शत्रू ते काम थांबवू पाहत होते. लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, ही दोन्ही कामं 4:9 या एकाच वचनात आहेत. नुसत्या प्रार्थनेवर थांबणारी मंडळी गाफील राहते आणि नुसता पहारा देणारी मंडळी भांडखोर होते.

तपशील बघा. अर्धी माणसं बांधकामावर, अर्धी भाले-ढाली घेऊन उभी. भिंत लांबवर पसरलेली, माणसं विखुरलेली, म्हणून कर्णा वाजवणारा नहेम्याच्या शेजारी. आजचा कर्णा म्हणजे चार-पाच जबाबदार माणसांची फोनसाखळी: कोण पोलिसांना कळवणार, कोण मुलं-म्हातारी बाहेर काढणार, दाराशी कोण बोलणार. दाराशी एकानेच बोलायचं. दहाजण बोलू लागले की पहिला आवाज चढायला वेळ लागत नाही.

पाचवा अध्याय तर वगळूच नका. शत्रू बाहेर उभा असताना आतले श्रीमंत आपल्याच भावांकडून व्याज घेत होते, शेतं-घरं गहाण ठेवून घेत होते. नहेम्याने ते आधी मिटवलं. बाहेरून दाब आला की मंडळीतली जुनी देणी आणि रुसवे वर येतात, आणि मंडळी बहुधा तिथेच फुटते.

अफवांचं उत्तर सहाव्या अध्यायात आहे. ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावणं आलं, चारही वेळा त्याने तेच उत्तर दिलं. पाचव्यांदा उघडं पत्र आलं, राजद्रोहाचा आरोप करणारं. त्याने एका वाक्यात तो नाकारला, देवाकडे बळ मागितलं आणि तो कामाला लागला. व्हॉट्सअॅपवरच्या आरोपालाही एकदाच, थोडक्यात, लेखी उत्तर द्यावं. नहेम्याने वादात वेळ घालवला नाही, आणि भिंत 52 दिवसांत उभी राहिली.

वकील

कायद्याचा आधार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, ही समजूत सोडा. फटके मारायला बांधलं तेव्हा प्रेषित पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचं सांगितलं (प्रेषितांची कृत्ये 22:25), पुढे कैसराकडे म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागितली (25:11).

घटनेच्या कलम 25 प्रमाणे धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. मात्र 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लाउस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. म्हणून पैसा, नोकरी, शाळाप्रवेश यांचा प्रार्थनेशी सांधा कधीही जोडू नका. मदतवाटप वेगळ्या दिवशी करा आणि ते सर्वांसाठी असू द्या.

उपासनेत कोणी मुद्दाम व्यत्यय आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 300 लागू होतं. प्रार्थनास्थळाची नासधूस केली तर 298. आधी 112 ला फोन. तक्रार हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज, तरीही नाही झालं तर दंडाधिकारी. तक्रारीत वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि साक्षीदार लिहा. "आमचा छळ होतो" एवढ्यावर तपास पुढे जात नाही.

मंडळीतले वडील

प्रत्येक तक्रार हा छळ नसतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:15) दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून दुःख सोसणाऱ्याला खुनी आणि चोराच्या रांगेत बसवलं आहे. शेजारी भोंग्याबद्दल बोलत असेल तर तो बरोबर असू शकतो: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल. घरप्रार्थनेला तर माइक लागतच नाही. गाड्या दुसऱ्याच्या दारात लावू नका. व्यासपीठावरून कोणाच्याही दैवताबद्दल वावगा शब्द जाता कामा नये. पाहुण्या वक्त्याला हे आधीच बजावून ठेवा, कारण निस्तरावं आपल्यालाच लागतं.

घरभेटी देणारी सेविका

घरातला विरोध सगळ्यात जड, आणि नव्या विश्वासणाऱ्याची घाई तो आणखी वाढवते. ऐन आरतीच्या वेळी "मी येणार नाही" म्हणू नये. सणाच्या बरंच आधी, घरातल्या थोरल्या माणसाला एकटं गाठून, नम्रपणे सांगावं: स्वयंपाक करीन, पाहुण्यांचं बघेन, पूजेला मात्र बसणार नाही. भिंतीवरच्या तसबिरींना हात लावू नये, घर सगळ्यांचं आहे. घरखर्चातला आपला वाटा एक महिनाही चुकवू नये. सुनेने तर बोलण्यापेक्षा वागण्यावर भर द्यावा. पेत्राने पत्नींना हेच सांगितलं आहे (पहिलं पत्र 3:1).

खरी कसोटी लागते ती वडिलांच्या अंत्यविधीला. अग्नी कोण देणार हे भावांशी आधीच, शांतपणे बोलून ठरवा. तेरा दिवस घरात राहा, आल्यागेल्याचं करा, खर्चाचा भार उचला. विधी केला नाही हे लोक कदाचित विसरतील, माणूस आलाच नाही हे विसरत नाहीत.

इतिहासाचे अभ्यासक

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं वचन होतं. सदनाच्या सल्लागारांना त्याचा अर्थ ख्रिस्ती प्रभाव नको असा वाटला, रमाबाईंना मुलींचं स्वातंत्र्य असा. त्यांच्या प्रार्थनेला ज्या मुली येत त्यांना त्या अडवत नसत. 1893 मध्ये वादळ उठलं, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. संस्था चालवणाऱ्यांनी यातून एक घ्यावं: काय चालेल, काय नाही, हे पालकांना आणि देणगीदारांना पहिल्याच दिवशी लेखी द्या.

संडे स्कूलच्या शिक्षिका

मुलांना वाद शिकवू नका, एक वाक्य शिकवा: "आम्ही येशूची प्रार्थना करतो, तुझ्यासाठीही करीन." चिडवाचिडवीवर हे पुरतं. मारहाण किंवा वर्गात वेगळं बसवणं असेल तर मुलाला एकटं झुंजायला लावू नये. आईवडिलांनी मुख्याध्यापकांना लेखी द्यावं.

निवृत्त पाळक

धमकी मिळालेल्या माणसाकडे गेलात तर लगेच उपदेश सुरू करू नका. संदेष्टा एलीया जिवाच्या धमकीने पळून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (1 राजे 19). आधी जेवण, झोप, रात्री सोबतीला कोणीतरी. मग प्रेषितांची कृत्ये 4:23 पासून वाचा. प्रेषित पेत्र-योहान अटकेतून सुटल्यावर आपल्या माणसांकडे गेले, घडलेलं सगळं सांगितलं, मग सर्वांनी मिळून दुसऱ्या स्तोत्राच्या शब्दांत प्रार्थना केली. धमक्या थांबाव्यात असं त्यांनी मागितलं नाही, वचन धैर्याने बोलण्याचं बळ मागितलं. याच क्रमाने प्रार्थनासभा घ्या: आधी हकीकत, मग स्तोत्र, मग मागणी. विरोध करणाऱ्यांची नावं घेऊन त्यांच्या घरादारासाठीही आशीर्वाद मागा, आणि त्या नावांची चर्चा सभेबाहेर जाऊ देऊ नका.