मित्रांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीबद्दल

स्वतः काढलेल्या अंकाबद्दल मित्रांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि म्हणायचं, '20 पैकी 18 मित्रांना मुखपृष्ठ आवडलं, म्हणजे वाचकवर्ग बरोबर पकडला', हे काही पटलं नाही. मित्र कशाला वाईट बोलतील? कॉलेजात रॉक संगीतावर अंक काढायचो तेव्हा आम्हीही हेच केलं. काळ्यावर लालभडक अक्षरं, स्क्रीनवर एकदम झकास. झेरॉक्स काढल्यावर लाल-काळं सगळं एकच, बँडचं नावसुद्धा वाचता येईना. तरी प्रश्नावलीत सगळे खूश! खरं काय ते कँटीनमध्ये कळलं. अंक हातात आला की पोरं थेट शेवटचं पान उघडायची, गिटारच्या टॅब्जचं (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या आकड्यांचं). आम्ही रात्री जागून मांडलेली मधली दोन पानी मुलाखत कोरी करकरीत, भज्यांचं तेल फक्त टॅब्जवर.

आणि अंक फुकट वाटणार असाल तर किती प्रती उचलल्या गेल्या यावरही जाऊ नका. 1952 पासूनचं ब्रिटिश संगीत साप्ताहिक एनएमई (न्यू म्युझिकल एक्स्प्रेस) सप्टेंबर 2015 मध्ये फुकट झालं, स्टेशनांवर, विद्यापीठांत वाटू लागले. वाटप 3 लाखांवर गेलं, तरी मार्च 2018 मध्ये छापील साप्ताहिक अंक बंद झाला.