मदत हवी आहे : तानपुऱ्यासाठी विमानात जादा सीट घेतली आहे का कुणी?

नमस्कार मंडळी. माझ्या आत्यांचा मिरजेत बनवून घेतलेला तानपुरा सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) विमानाने दिल्लीला न्यायचा आहे. तिकडे त्यांची शिष्या गाते, तिच्याकडे तो द्यायचा आहे. सामानात टाकायला मन धजत नाही. लाकूड एकवेळ सोसेल, पण भोपळा म्हणजे शेवटी वाळलेलं फळच. कडेला एक केसासारखी चीर गेली तरी नाद गेला. वरच्या कप्प्यात एवढं लांब वाद्य मावत नाही.

म्हणून त्याच्यासाठी शेजारचं तिकीट काढावं म्हणतो. अशा वाद्याला सहसा खिडकीची जागा देतात, आपत्कालीन दाराच्या रांगेत ठेवू देत नाहीत आणि पट्ट्याने बांधावं लागतं, एवढं माहीत आहे. पण वाद्याचं तिकीट वेबसाइटवर निघतं, की फोन करूनच काढावं लागतं? नाव कुणाचं घालायचं? उंचीची अट किती कडक असते? तानपुरा उभा ठेवला तर खुंट्या पुढच्या सीटच्या वर येतील, ही खरी काळजी आहे.

तारा सैल करून, जवारीचे दोरे (नाद खुलावा म्हणून तारांखाली घालतात ते) काढून, घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) मऊ कापड घालणार आहे. आणखी काय करावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणी सतार किंवा तानपुरा असा नेला असेल तर कृपया सविस्तर सांगा. तिकीट त्यानंतरच काढेन.